भाकरी काट्यावर ठेवावी काय?
केटो आहार आणि त्याचा हिशेब



साखर कारखान्याच्या अंकात साखर सोडावयास लावणाऱ्या आहाराविषयी लेख यावा, हे काही मंडळींना विपरीत वाटेल. ऊस आपला, साखर आपली, आणि आपल्याच पानावर 'साखर बंद' म्हणायचे, ही कसली रीत? परंतु साखर पिकविणे हा आपला धंदा असला तरी ती किती खावी हे काही धंद्याने ठरवून दिलेले नाही. आणि मधुमेहाचा एकही माणूस नाही असे घर आता शोधावे लागते, हे आपण सारेच जाणतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असून त्या वाटेला लागलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक आहेत, असा अंदाज त्यात दिला आहे.

त्यामुळे वजन आणि रक्तातली साखर उतरविण्याचे नवनवे आहार गावात येत राहतात. काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत गावोगावी पोचली. तीत तराजू नव्हता. घड्याळ पाहिले की काम झाले. आता मुलांच्या फोनवरून 'केटो' आले आहे आणि त्याच्यासंगे तराजूही आला आहे. भाकरी किती ग्रॅमची, तेल किती चमचे, दही किती वाट्या, सारे रोज लिहा, असे फोनवरचे अ‍ॅप सांगते. याला म्हणतात मॅक्रो मोजणे. विचारणा होते ती नेमकी याचीच. हे मोजणे खरोखर जरुरीचे आहे काय? की भात, भाकरी आणि साखर बंद केली म्हणजे पुरे?

प्रश्न साधा दिसतो, उत्तर मात्र माणसागणिक बदलते. ज्याला त्याला आपले उत्तर काढता यावे एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

नत्र, स्फुरद, पालाश आणि आपले ताट

मॅक्रो म्हणजे अन्नातले तीन मुख्य घटक: कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. उसाला नत्र, स्फुरद, पालाश असतात, तशातलाच हा प्रकार. युरियाचे पोते आणि १०:२६:२६ चे पोते ही दोन्ही खतेच, पण आत कोणता घटक किती टक्के आहे ते पोत्यावर छापलेले असते, म्हणून आपल्याला एकरी मात्रा काढता येते. जेवणाच्या ताटावर असे काही छापलेले नसते. म्हणून मग तराजू आणि कोष्टक.

अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर खूप काम केले. एक ग्रॅम कर्बोदकांपासून शरीराला ढोबळमानाने ४ कॅलरी मिळतात, प्रथिनांपासून ४ आणि स्निग्ध पदार्थांपासून ९, हे त्यांचे आकडे आजही जगभर वापरले जातात. आपल्या गोडेतेलाच्या पुड्यावर मागच्या बाजूस जो तक्ता असतो त्यामागे हेच गणित आहे.

आता केटोचा हिशेब पाहू. दिवसाला २,००० कॅलरी खाणारा माणूस धरा. वर सांगितलेल्या पाहणीचाच आहारविषयक भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीय माणूस सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो. म्हणजे २,००० पैकी १,२४० कॅलरी, अर्थात ३१० ग्रॅम कर्बोदके. केटो आहारात हे प्रमाण ५ ते १० टक्क्यांवर आणतात. पाच टक्के धरले तर १०० कॅलरी, म्हणजे अवघी २५ ग्रॅम. उरलेल्यातून प्रथिने २० टक्के, म्हणजे १०० ग्रॅम. आणि तब्बल ७५ टक्के ऊर्जा तेला-तुपातून, म्हणजे सुमारे १६७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ.

तीनशे दहावरून पंचवीस! पाटपाण्याचा ऊस एका रात्रीत कोरडवाहू करावा, तसा हा बदल आहे. असे का करतात? शरीरात कर्बोदकांचा साठा थोडा असतो, यकृत आणि स्नायू मिळून साधारण अर्धा किलोच्या आत. तो एक-दोन दिवसांत उतरला की यकृत चरबीपासून 'कीटोन' नावाचे पदार्थ तयार करते आणि मेंदूसुद्धा त्यावर काम चालवितो. या अवस्थेवरून 'केटो' हे नाव पडले. तो साठा आपल्याबरोबर तिप्पट-चौपट पाणी धरून असतो, तेही निघून जाते. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून जे पेढे वाटतात (केटोवर पेढे!), त्यांचे बरेचसे वजन पाण्याचे गेलेले असते, हे ध्यानात असू द्यावे. पाण्याबरोबर मीठही जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात डोके दुखणे, पायात गोळे येणे, गळून जाणे हे प्रकार होतात.

मोजण्याची चाल कोठून आली

केटोचा जन्म वजन उतरविण्यासाठी झालेला नाही. तो फेफऱ्यासाठी, म्हणजे अपस्मारासाठी झाला. उपाशी ठेवले असता काही रुग्णांचे झटके थांबतात, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण माणसाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी असे सुचविले की, कर्बोदके जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थ भरपूर दिले तर जेवूनही उपासाचा परिणाम साधेल. तेथेच डॉ. पीटरमन यांनी १९२५ साली प्रमाण मांडले: मुलाच्या दर किलो वजनामागे १ ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके आणि बाकी सारे स्निग्ध. पुढे ४:१ हे प्रमाण रूढ झाले. प्रथिने व कर्बोदके मिळून जेवढे ग्रॅम, त्याच्या चौपट ग्रॅम स्निग्ध पदार्थ. प्रत्येक घास तराजूवर. पानात उरलेले लोणीसुद्धा खरडून मुलाला चारायचे, इतके काटेकोर.

तेथे ते योग्यच होते. प्रमाण चुकले की मुलाला झटका येण्याची भीती. हे मोजणे औषधाची मात्रा मोजण्यासारखे होते. पुढे १९३८ साली फेनिटॉइन हे औषध आले आणि एवढी उस्तवार करण्यापेक्षा गोळी बरी, म्हणून हा आहार बाजूला पडला. १९९० नंतर त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले, कारण कित्येक मुलांना कोणतेच औषध लागू पडत नव्हते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. २००३ साली अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या डॉ. एरिक कोसॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैल पद्धत प्रसिद्ध केली. तीत मोजायची फक्त कर्बोदके. प्रथिने हवी तेवढी, तेल-तूप आग्रहाने. तिन्ही घटकांऐवजी एकाच घटकाचा हिशेब. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ही पद्धत, औषधांना दाद न देणारे झटके असलेल्या मुलांवर पारखली गेली आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांत आहारावरच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांचे झटके अर्ध्याहून खाली आले. नेहमीच्या जेवणावरच्या मुलांत हे प्रमाण दहात एकाच्या आसपास होते.

त्यानंतर दिल्लीतल्याच लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी आणखी एक पाऊल टाकले, आणि हे पाऊल आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. मुलांचे आईबाप फारसे शिकलेले नाहीत, ग्रॅम आणि टक्के त्यांना जमत नाहीत, म्हणून काय मुलांना आहार द्यायचाच नाही? त्यांनी हिशेब घरातल्या वाटी-चमच्यावर आणला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले, त्यातही निम्म्याहून अधिक मुलांचे झटके अर्ध्यावर उतरले. ज्या आजारात चूक अजिबात परवडत नाही, त्या आजारातही तराजूवाचून काम भागू शकले. मात्र कोणती वाटी आणि किती वेळा, हे ठरलेले होते. तराजू सोडला, माप सोडले नाही.

डोळ्यांना दिसणारे आणि न दिसणारे

आता आपल्या घरचे ताट घेऊ. ज्वारीच्या पिठात शेकडा ६८ ते ७० भाग कर्बोदके असतात. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ धरले तर सुमारे ४८ ग्रॅम झाली. म्हणजे एकच भाकरी खाल्ली की केटोवाल्याचा दोन दिवसांचा कोटा संपला. तांदूळ शेकडा ७८. रसवंतीवरचा २०० मिलिलिटरचा ग्लास घ्या. ब्रिक्स १८ धरला तर ३६ ग्रॅमच्या वर घन पदार्थ, आणि त्यातली बहुतेक साखरच, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे! दोन चमचे साखरेचा चहा १० ग्रॅमचा. दिवसात चार कप झाले की ४०, वर दूध वेगळेच.

या वस्तू मोजायच्या नसतातच. त्या केटोत बसत नाहीत हे डोळ्यांना दिसते. एवढ्यासाठी तराजू आणणे म्हणजे रिकामी गाडी वजनाला लावणे.

खरी गोम इतरत्र आहे. पिठले घ्या. भाकरी सोडली म्हणून माणूस वाटीभर पिठले नुसतेच खातो. त्यात ५० ग्रॅम बेसन गेले असेल तर २८-२९ ग्रॅम कर्बोदके झाली, आणि कोटा संपला. म्हशीचे दूध दोन कप, ३०० मिलिलिटर, त्यात १५ ग्रॅम. शेंगदाण्याचा कूट आपण भाजीत हात सैल सोडून घालतो. शेंगदाणा तसा या आहाराला बरा, १०० ग्रॅमला सुमारे ४० ते ४५ ग्रॅम तेल आणि २५ ग्रॅम प्रथिने. पण त्यातही १५ ते २० ग्रॅम कर्बोदके आहेतच, काही भाग चोथ्याचा धरूनही. मूठभर खाल्ले तर काही नाही, बांधावर बसून पाव किलो संपविले तर मात्र बोंब.

त्यातून शाकाहारी माणसाची अडचण फार मोठी आहे. वारकरी माळकरी मंडळींनी येथे नीट लक्ष द्यावे. ६० ग्रॅम प्रथिने तूरडाळीतून घ्यायची म्हटली तर सुमारे २७० ग्रॅम डाळ खावी लागेल, कारण डाळीत प्रथिने शेकडा २२. पण त्या डाळीबरोबर दीडशे ग्रॅमच्या वर कर्बोदके पोटात जातात. केटो तेथेच मोडला. तीच ६० ग्रॅम प्रथिने अंड्यांतून घेतली तर दहा अंडी लागतात आणि कर्बोदके दहा ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. माळकऱ्याला उरते पनीर, त्यात प्रथिने शेकडा १८ ते २० आणि कर्बोदके थोडी. किंवा सोयाबीनच्या वड्या, ५० ग्रॅम कोरड्या वड्यांतून २५-२६ ग्रॅम प्रथिने आणि चोथ्यासह १६ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके. दही, शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या. एवढ्या अरुंद वाटेवरून चालायचे तर निदान सुरुवातीला मोजण्याला पर्याय नाही, असे आमचे मत आहे. अंडी-मटण-मासे खाणाऱ्याला तेवढी गरज नाही. त्याच्या ताटात कर्बोदके दडून बसायला जागाच कमी.

ही गोष्ट इंग्रजी माहिती वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण ती माहिती अंडी, डुकराचे मांस आणि चीज खाणाऱ्यांसाठी लिहिलेली असते. त्यांच्याकडे 'मोजू नका, नुसते ब्रेड-बटाटा सोडा' हा सल्ला चालून जातो. आपल्याकडे भाकरी सोडलेला माणूस आमटी वाढवितो.

अंदाज किती खरा

काही सभासद म्हणतील की चाळीस वर्षे शेती केली, उभा फड पाहून एकरी टनेज सांगतो, मला वाटीतले कळणार नाही होय? उसाचा अंदाज बरोबर येतो याचे कारण दरवर्षी तो काट्यावर तपासला जातो. जेवणाचा अंदाज कोणी कधी तपासलेला नसतो. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी, 'आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या दहा लोकांचे खाणे शास्त्रीय रीतीने मोजले. ही माणसे जेवढे खात होती त्याच्या जेमतेम निम्मे सांगत होती. सरासरी ४७ टक्के खाणे हिशेबात आलेच नव्हते. ते लबाड होते असे नव्हे. मनुष्याला खाल्लेले आठवत नाही, एवढेच.

उलट बाजूने २००८ सालचा एक अमेरिकेतला अभ्यास आहे. सुमारे १,७०० लोकांत, जे रोज खाल्लेले लिहून ठेवीत त्यांचे वजन, काहीच न लिहिणाऱ्यांच्या दुपटीने उतरले. त्यातली मेख अशी की तो केटो नव्हता, साधाच आहार होता. लिहिण्याने माणूस सावध होतो, याचाच तो परिणाम असावा.

मग मोजलेच पाहिजे, असे ठरले काय? तसेही नाही. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ लोकांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी कर्बोदके कमी करायची, निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ. कॅलरी मोजायला कोणालाच सांगितले नव्हते. चांगले ताजे अन्न घ्या, साखर-मैदा टाळा, भाजीपाला वाढवा, एवढेच सांगितले. वर्षाअखेर दोन्ही गटांचे वजन सरासरी पाच-सहा किलोंनी उतरले आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा ज्याला फक्त पाच-सहा किलो उतरवायचे आहेत आणि मधुमेह नाही, त्याने केटोच्या नादी तरी का लागावे, असे आम्हाला राहून राहून वाटते. संध्याकाळची एक भाकरी, चहातली साखर आणि बेकरीचा माल कमी करावा. ना तराजू, ना अ‍ॅप.

मधुमेह असलेल्याला कर्बोदके कमी करण्याचा लाभ होतो, हे खरे. पण २०२१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा आला आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत दिसणारा फायदा वर्षाअखेर बराचसा ओसरलेला दिसतो. उघडच आहे, इतके कडक खाणे वर्षभर टिकविणे फार थोड्यांना जमते.

तराजू कोणाच्या हातात

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. 'मी मोजून खातो' असे म्हणणारा सभासद बहुधा स्वतः काहीच मोजीत नसतो. मोजते त्याची बायको, नाहीतर सून. पहाटे उठून आठ माणसांचा स्वयंपाक, त्यात एकाचे ताट निराळे, त्याचे पनीर कच्चे तोलायचे, भाजी कूट घालण्याआधी बाजूला काढायची. तराजूची किंमत दुकानात तीन-चारशे रुपये असेल, घरात ती बरीच अधिक पडते. ज्याला आहार करायचा त्याने वही आणि तराजू स्वतः सांभाळावा.

एकत्र कुटुंबात तेल कसे मोजायचे, हाही प्रश्न असतो. एका कढईत आठ जणांची भाजी, आपल्या वाट्याला किती तेल आले कोण सांगणार? याला तोड अशी की तेलाचा हिशेब ताटात न करता डब्यात करावा. १५ किलोचा डबा आठ माणसांत किती दिवस पुरला ते पाहावे. तीस दिवसांत संपला तर माणशी रोज ६० ग्रॅमच्या थोडे वर झाले. एवढ्याने अंदाज येतो, ग्रॅमचा घोळ घालण्याचे कारण नाही.

दुसरी गफलत कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची. १०० ग्रॅम कोरडा तांदूळ शिजून तिपटीच्या आसपास होतो. अ‍ॅपमध्ये 'भात १०० ग्रॅम' कोणता धरला आहे हे न पाहता आकडा टाकला, तर हिशेबात तिपटीची चूक येते. आणि 'भाकरी १ नग' हे तर मापच नव्हे. सासरची भाकरी आणि माहेरची भाकरी कधी सारखी असते काय?

तेव्हा करावे कसे? कारखान्यात प्रत्येक गाडीचे वजन होते, पण साखर उतारा काढताना प्रत्येक उसाची मोळी प्रयोगशाळेत जात नाही. नमुना घेतात, आणि त्यावर सारा हिशेब चालतो. जेवणाचेही तसेच करता येते. पहिले दोन आठवडे तिन्ही घटक कच्चे तोलून लिहावे. तेवढ्यात घरच्या वाटीत किती बेसन, किती दही, किती भाजी मावते ते पक्के कळते. मग तराजू कपाटात ठेवावा आणि लेडी हार्डिंजच्या त्या आयांप्रमाणे वाटी-चमच्यावर चालावे. महिन्यातून तीन दिवस पुन्हा तोलून पाहावे, अंदाज सैल झाला असेल तर लगेच दिसतो. आकडा एकच सांभाळायचा असेल तर कर्बोदकांचा सांभाळावा. शाकाहाऱ्याने त्यासोबत प्रथिनांचाही. तेला-तुपाचा आकडा गाठण्यासाठी चमच्या-चमच्याने तूप पिणारे आहेत. वजन उतरवायचे असेल तर त्याची काहीएक गरज नाही, ते ४:१ प्रमाण झटके येणाऱ्या मुलांसाठी होते.

काही माणसांनी मात्र हा नाद मुळीच करू नये. आकड्यांत अडकून पडणारा स्वभाव असतो. पाच ग्रॅम जास्त झाले म्हणून रात्री झोप नाही, लग्नाच्या पंगतीत ताटावर बसवत नाही, चुकले की दुसऱ्या दिवशी उपास. तरुण मुली-मुलांत हे लवकर वाढते. घरात असे कोणी दिसले की वही बंद करावी.

गोळ्या चालू असतील तर

गट कार्यालयाच्या ओट्यावर चिट घ्यायला आलेल्यांत सध्या असे बोलणे ऐकू येते:

"तात्या, भाकरी सोडलीसा म्हनं?"

"सोडली बाबा. पंधरा दिस झालं. साखर बघ कशी उतरलीया."

"आन् गोळी?"

"गोळी हाय की चालू. ती कशी सोडायची?"

धोका नेमका येथे आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन, यांची मात्रा डॉक्टरांनी तात्यांच्या तीन भाकऱ्या धरून ठरविलेली असते. भाकऱ्या गेल्या आणि मात्रा तीच राहिली, तर साखर धोक्याच्या खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, माणूस बेशुद्ध पडतो. रात्री पाणी पाजायला एकटा शेतात गेलेल्या माणसाला असे झाले तर कोण पाहणार? असे वाटू लागताच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, त्या वेळी केटोचा विचार करू नये.

दुसऱ्या गोळ्या नव्या आहेत: डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्यांच्यासोबत कर्बोदके एकदम बंद केली तर रक्तात आम्ल वाढून जीवावर बेतू शकते, आणि गंमत अशी, गंमत कसली, की अशा वेळी बोटातल्या रक्ताची साखर फारशी वाढलेली दिसतच नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप एवढीच लक्षणे. घरच्यांना वाटते पित्त झाले. या गोळ्या घेणाऱ्याने केटो स्वतःच्या मनाने करूच नये. मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, यांनीही नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब पहिल्या पंधरवड्यात उतरतो, उठताना चक्कर येते, तीही मात्रा तपासून घ्यावी लागते.

तेव्हा अशा सभासदांच्या बाबतीत 'मोजावे की न मोजावे' याचे उत्तर स्वच्छ आहे. त्यांनी मोजावे, आणि जेवणाच्या आधी रक्तातली साखर मोजावी. सुरू करण्यापूर्वी कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी, तीन महिन्यांनी पुन्हा. काहींचे वाईट कोलेस्टेरॉल या आहारात चांगलेच वाढते आणि ते वजनकाट्यावर दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना पहिल्या दोन आठवड्यांची वही बरोबर न्यावी. काय खाल्ले, किती वाजता, त्या वेळी साखर किती, एवढे लिहिलेले असले तरी त्यांना गोळीची मात्रा कमी-जास्त करता येते. आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटेही पिशवीत टाकावी, दाबाच्या आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांसकट. नाव सांगता आले नाही तरी पाकीट दाखविता येते.